बुचाचा घोडा

मेराब उद्या परत येतोय म्हणे. रांजणातली नवी वाइन अजून फसफसतेय, ती चाखायला येतो, असं फोनवर सांगितलं त्याने. वाइन! तिबिलिसीत काय वाइनचा दुष्काळ पडलाय? तो कशासाठी येतोय ते मला ठाऊक आहे. माझ्या बायकोलाही ठाऊक आहे, कारण सकाळपासून ती खिडकीशी बुद्धिबळाचा पट मांडून बसली आहे आणि चुलीवरच्या घेवड्याला करपल्याचा वास सुटला आहे.

पहिल्यापासूनच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की तेंगिझ उगाच जळतो. जळतो, पण उगाच नाही.

मी गावच्या शाळेत गणित शिकवतो. कुताइसीहून बसने आलात तर पुलाच्या अलीकडे उतरायचं, तीच शाळा. शिकवता शिकवता केस पिकले, आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं होतं: मुली घोकतात, मुलगे समजतात. मुलींच्या वह्या बघा, रेघ न् रेघ सरळ. पण गणितात जी एक उडी मारावी लागते ना, ती मुलगाच मारतो. मग तो बाकी कितीही उनाड असो. शिक्षकांच्या खोलीत बायका माझ्यावर तुटून पडायच्या. आपल्या देशातल्या पोरींनी साऱ्या जगाला पटावर पाणी पाजलं, ते तुम्हाला दिसत नाही का, म्हणायच्या. मी शांतपणे म्हणायचो, बायकांनी बायकांना पाजलं. आणि वर म्हणायचो की याचा पुरावा माझ्या घरात आहे, हवं तर येऊन बघा.

पुरावा म्हणजे माझी बायको, लामारा. लहानपणी ती कुताइसीत बुद्धिबळाच्या वर्गाला जायची. मुलींमध्ये जिल्ह्यात पहिली आली होती, पेपरात फोटो आला होता, दोन वेण्या आणि हातात भलामोठा चषक. आमच्याकडे मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट असतोच, पण लामाराच्या बापाने दिलेला पट अक्रोडाच्या लाकडाचा होता, मोहरे हाताने कोरलेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं अंगणात बसलेली असताना आम्ही आत त्या पटावर पहिला डाव खेळलो. मी जिंकलो. जिल्ह्याच्या चॅम्पियनला हरवलं! तसाच धावत अंगणात गेलो आणि सासऱ्याला मिठी मारली.

तेव्हापासून दर रविवारी, जेवण झालं की द्राक्षीच्या मांडवाखाली आमचा डाव ठरलेला. कधीमधी बरोबरी व्हायची, पण मी हरलो असं कधी झालं नाही. आणि ती काही बेफिकीर खेळायची असं नाही हो. डावा पाय दुमडून खाली घ्यायची, खालचा ओठ दातात, कानामागची एक बट बोटाला गुंडाळत राहायची. कपाळावर मधोमध एक आठी यायची. पटावर असं काही रोखून बघायची की शेजारचा कुत्रा तिच्या पायाशी येऊन बसला तरी तिला पत्ता नसायचा. आणि एवढा सगळा विचार करून बाई शेवटी घोडा चुकीच्या घरात ठेवायची. मला वाईट वाटायचं. म्हणायचो, असू दे, पुढच्या रविवारी. ती हसून कॉफी टाकायला उठायची.

खरं सांगू? जिंकण्यापेक्षा मला तो चेहरा आवडायचा. आठवडाभर ती सगळ्यांची असायची, पोरीची, गाईची, स्वतःच्या आजारी आईची, शेजारच्या दोदोची. रविवारची ती वेळ माझी. तो चेहरा जगात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही, या एका गोष्टीवर मी आठवडा काढायचो.

तर मेराब. मेराब आणि मी शाळेत एका बाकावर. आता तो राजधानीत, तिबिलिसीत, मोठा प्रोफेसर आहे, मानसशास्त्राचा. बायकांचं डोकं आणि पुरुषांचं डोकं यात फरक आहे की नाही, यावर त्याचं आयुष्य गेलं. टीव्हीवर बोलावतात त्याला. शाळेत असताना मी त्याला बुद्धिबळात एकदाही हरवू शकलो नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

यंदा द्राक्षं तोडायला तो आला. दिवसभर टोपल्या वाहिल्या, रस काढला, संध्याकाळ व्हायच्या आत मांडवाखाली पान मांडलं. शेजारचा वालिको तामादा होता, म्हणजे मेजवानीचा म्होरक्या. कोणाच्या नावाने पेला उचलायचा हे तो ठरवणार. त्याची बायको दोदो लामाराच्या हाताखाली होती. आमच्यात रीत अशी की तामादा आधी स्वतः बोलतो आणि मग तोच विषय दुसऱ्या कुणाकडे सोपवतो. सोपवला की त्या माणसाने उभं राहून त्याच विषयावर बोलायचं, पेला रिकामा करायचा आणि मगच बसायचं. नाही म्हणायची सोय नाही.

देवाचा पेला झाला, गेलेल्या माणसांचा झाला, मग आला बायकांचा. बायकांच्या नावाने पिताना सगळे पुरुष उभे राहतात. आम्ही उभे होतो आणि ज्यांच्या नावाने उभे होतो त्या दोघी चुलीपाशी चीज भरलेल्या रोट्या उलटत होत्या. वालिको गोड बोलला, आईपासून सुरू करून द्राक्षवेलीवर आला, आणि विषय मेराबकडे सोपवला.

मेराबने आपलं दुकान उघडलं. म्हणाला, सरासरी काढली तर बाई आणि पुरुष यांच्या अकलेत काही फरक नाही, हे मी स्वतः मोजलंय. पण टोकं बघा. दोन्ही टोकांना पुरुष जास्त. सगळ्यात शहाणे पुरुष, आणि सगळ्यात मूर्खही पुरुषच. बायका मधे असतात, सुरक्षित. आणि ही निंदा नाही, मधे असणं चांगलं, जग मधल्या माणसांवर चालतं.

दोदोने रोटीचं ताट दाणकन् टेबलावर ठेवलं. विचारलं की मोजलं कोणी? आणि पेपर कोणी काढला होता? मेराब मोठा गोड माणूस आहे, रागावत नाही. म्हणाला, प्रश्न बरोबर आहे, यावर आमच्यातही भांडणं होतात, कोणी म्हणतं हा फरक जन्मतःच, कोणी म्हणतं मुलींना लहानपणापासून मधेच उभं राहायला शिकवतात, म्हणून त्या मधे दिसतात. लामारा रोटीचे तुकडे करत होती.

आणि वालिकोने, त्याच्या तोंडात माती पडो, विषय माझ्याकडे सोपवला.

आईच्या नावाने पेला उचलून मी खाली बसायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही. पण पोटात वाइन, समोर मेराब, आणि मेराबसमोर मला कायम काहीतरी सिद्ध करावंसं वाटतं. मी म्हणालो, प्रोफेसरसाहेबांनी हजारो माणसं मोजली, मी एकच मोजली आहे. माझ्या घरात जिल्ह्याची चॅम्पियन आहे. लग्न झाल्यापासून दर रविवारी माझ्याशी खेळते आणि आजवर एकदाही जिंकलेली नाही. कष्टाला कमी पडते का? मुळीच नाही, विचार करताना तिचा चेहरा बघावा तुम्ही. पण शेवटची जी ठिणगी लागते, ती... असं म्हणून मी बोटांनी ठिणगी दाखवली, आणि पेला तिच्या नावाने रिकामा केला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लामाराने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, उतू जाऊ घातलेल्या दुधाकडे बघावं तसं. मग तिने कमरेला बांधलेला स्वयंपाकाचा फडका सोडला, हात पुसले आणि पाहुण्याला म्हणाली, "मेराब, जेवण आटोपलं असेल तर एक डाव मांडू या का?"

रुखवताचा पट आला. त्यातला एक काळा घोडा आमची पोर रांगत होती तेव्हाच हरवला. त्याच्या जागी वाइनच्या बाटलीचं बूच आहे. मी स्वतः चाकूने तासून त्याला दोन कान काढले होते. मेराबने पुरुषासारखा मोठेपणा दाखवत तिला पांढरे मोहरे देऊ केले. तिने पट फिरवला आणि काळे घेतले.

बसली. आणि डावा पाय दुमडून खाली घेतला.

मला वाटलं, नाही, एवढंच असेल. पण मग ओठ दातात गेला. बट बोटावर आली. कपाळावर मधोमध ती आठी. माझी आठी, रविवारची! एवढ्या लोकांसमोर, त्या परक्या माणसासमोर, तिने तो चेहरा असा उघडा टाकला की जणू त्याच्यात लपवण्यासारखं कधी काही नव्हतंच. बायको दुसऱ्याबरोबर नाचली असती तर मी हसून टाळ्या वाजवल्या असत्या. हे मला बघवेना.

मी काय काय केलं ते विचारू नका. पेले भरले. न विचारता भरले. मीठ कुठे आहे विचारलं, मीठ समोरच होतं. खुर्ची ओढून आवाज केला. कोणी मान वर केली नाही. मेराब सुरुवातीला गमती करत होता, मग त्याने कोट काढला, मग दोन्ही हात डोक्याला लावून बसला. ती दोघं तिथे आमच्यात नव्हतीच. एकदा त्याने काहीतरी चाल केली, आणि लामारा हसली. खुदकन्, मनापासून, कोणी आपल्याला हवी ती वस्तू न मागता आणून द्यावी तशी. रविवारी ती डाव संपल्यावर हसायची. डाव चालू असताना माझ्या चालीवर ती कधी हसली नव्हती.

मात बुचाने झाली. मी कान काढलेल्या बुचाने.

मेराब त्या बुचाकडे बघून मोठ्याने हसला. उठला, वाकून तिचा हात ओठांना लावला आणि म्हणाला, वहिनी, असा मार कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. हरलेला माणूस एवढा खूश मी पाहिला नाही. वर म्हणतो, हे बूच आठवण म्हणून घेऊन जाऊ का? आणि तिने दिलं. उचललं आणि दिलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण वालिको पितो तेव्हा त्याला हिशेब सुचतात. एक एक बोट दुमडत तो म्हणाला, "थांबा. मेराब तेंगिझला हरवतो. लामारा मेराबला हरवते. आणि तेंगिझ लामाराला हरवतो?"

सगळ्यांनी तो हिशेब मनात केला. मी गणिताचा मास्तर, माझा सगळ्यात आधी झाला.

दोदो म्हणाली, "प्रोफेसर, दोन टोकं म्हणालात ना? त्यातलं एक सापडलं बघा."

हशा पिकला. मेराब एकटा हसला नाही. म्हणाला, आज आपण फार प्यायलो, अशात कोणीही हरतं. त्याची ती दया माझ्या नाकाला दोदोच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबली.

पुढचे दिवस घरात कोणी विषय काढला नाही. गावात मात्र सगळ्यांनी काढला. दुकानात काढला, बसथांब्यावर काढला, आणि वर्गात मी फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावर मुली फिदीफिदी हसायच्या. ते मी गिळलं. मला जे गिळता येत नव्हतं ते म्हणजे ते बूच. शेवटी एका सकाळी गाईची बादली तिच्या हातातून घेता घेता विचारलंच, बूच का दिलंस म्हणून. ती म्हणाली बूचच ते. मी म्हणालो, मी कापलं होतं. ती म्हणाली, मग दुसरं काप.

मी कापलं नाही.

रविवार आला. जेवण झाल्यावर मीच पट मांडला. लामारा मांडवाखाली अक्रोडांची टोपली घेऊन बसली होती. द्राक्षरसात बुडवायच्या माळा अजून ओवायच्या होत्या. घोड्याची जागा रिकामी होती. तिने टोपलीतला एक अक्रोड उचलून तिथे ठेवला.

मी म्हणालो, "आज खरं खेळ. त्याच्याशी खेळलीस तसं."

"खरंच?"

"खरंच."

"मग तुझा रविवार जाईल, तेंगिझ."

गेला तर गेला, म्हणालो. बोलायला काय जातंय.

ती खेळली. दोन्ही पाय जमिनीवर, टोपली मांडीवर, हातात सुई. मी विचार करायचो तोवर ती अक्रोड ओवायची. मी मोहऱ्यावरून हात काढला की मान वर करायची, एक नजर टाकायची, चाल करायची आणि परत सुईत डोळे. ओठ नाही, बट नाही, आठी नाही. मला घाम फुटला तेव्हा तिची माळ अर्धी झाली होती. अक्रोडाने शह दिला, अक्रोडानेच मात. मी म्हणालो, परत. परतही तेच. दुसऱ्या डावात तर तिने दोदोशी कुंपणावरून कोंबडीच्या भावावर गप्पा मारल्या.

मग माझा तोल गेला. त्याच्यासमोर पाय दुमडून बसली होतीस, म्हणालो. त्याच्यासमोर ओठ चावत होतीस. मी काय एवढा टाकाऊ झालो की माझ्याशी खेळताना जरा विचारही करावासा वाटत नाही? इतकी वर्षं तर करायचीस!

तिने सुई फडक्यात खोचली. टोपली खाली ठेवली.

"करायचे की," ती म्हणाली. "तुझ्याशी जिंकायला डोकं लागत नाही, तेंगिझ. हरायला लागायचं. तुला कळू न देता हरायचं, आणि तेही असं की शेवटपर्यंत तुला वाटलं पाहिजे आता ही जिंकते. त्यापेक्षा मेराबला हरवणं सोपं गेलं मला."

मी विचारलं, पण का? कोणी सांगितलं होतं?

"आईने. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, पहिला डाव नवऱ्याला सोड, घर नीट लागतं. सोडला. तू धावत अंगणात गेलास आणि माझ्या बापाला मिठी मारलीस. बाबा रडायला लागले आनंदाने. मग मी कधी जिंकायचं होतं, ते तूच सांग."

खरं तर मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं फसवलं, गावात हसं झालं, मुली घोकतात म्हणणारा मी स्वतः एकच चूक घोकत बसलो होतो. पण राग आला नाही. मी हिशेब करत होतो. मेराबला एक संध्याकाळ मिळाली. मला सगळे रविवार मिळाले होते. जिल्ह्यातलं सगळ्यात तल्लख डोकं, त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम, आणि ते फक्त माझ्यासाठी. जिंकायचं तर ती कुणाशीही जिंकली असती. हरायची फक्त माझ्याशी. आणि मी हातात पेला घेऊन उभा राहिलो आणि चारचौघांत बोटांनी ठिणगी दाखवली.

हसायचं तर हसा, पण मी तिला म्हणालो, "पुढच्या रविवारी परत हरशील?"

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोरीच्या फिरवायची तसा.

"आता कसं हरू रे?" म्हणाली. "आता तुला माहीत आहे."

तर उद्या मेराब येतोय. ती खिडकीशी बसली आहे, डावा पाय दुमडून, ओठ दातात धरून. तो काय चाल करेल त्याचा विचार चाललाय. घेवडा मीच उतरवला. मीठ घातलंयस का, असं दोनदा विचारलं, तिला ऐकू आलं नाही.

परवा रविवार. माझा डाव आहे. ओवायचे अक्रोड अजून पोतंभर उरलेत.